टोपीसकट उंची

सातांतल्या तीन उरल्या.
त्या सकाळी ग्वेंडा काही बोलली नाही.
पिसं गोळा केली, फावडं धुतलं,
आणि चहाच्या टेबलावर विजेचं बिल उलटं करून
माझ्यापुढे सरकवलं.
"काढ."

मी पेन्सिलीला टोक केलं.
जुनं खुराडं कमरेएवढं होतं,
अंड्यासाठी रांगत जायचं,
गुडघ्यांवर शिट घेऊन परतायचं.
या वेळी उभ्यानं आत जायचं, एवढं ठरलं.
लांबी: शेडपासून नाशपातीच्या झाडापर्यंत.
रुंदी: उतार देईल तेवढी.
उंची सहा फूट, मी लिहिलं.
"कुणाच्या सोयीची?
रोज पहाटे आत कोण जातं, रॉइस?"

म्हणून तिला शेडच्या भिंतीला टेकून उभं केलं.
डोक्यावर लोकरी टोपी, तिच्यावरचा गोंडा धरून,
काखेत खुडूक बर्था,
दुसऱ्या हातात दाण्याची बादली,
आणि कोपरं मोकळी.
असं माप सुताराच्या कुठल्याच वहीत नसेल.
गोंड्याच्या वर चार बोटं सोडून रेघ मारली.
बर्थानं पेन्सिलीला चोच मारली.
मला वाकावं लागेल, मी म्हणालो.
"वाक की."

जाळीचं मात्र मी शिकलो होतो,
चार कोंबड्यांची फी भरून.
षटकोनी भोकांची ती जुनी जाळी
कोंबडीला आत ठेवते,
क्वोलला बाहेर ठेवत नाही.
मांजराएवढं जनावर, अंगभर पांढरे ठिपके,
पिठाचे हात कुणी त्याच्यावर झटकावेत तसे.
देखणं आहे,
पण हे ग्वेंडापुढे बोलायची सोय नाही.
मुठीएवढ्या फटीत ते डोकं घालतं
आणि डोकं गेलं की बाकीचं जातंच.
म्हणून सांधलेली जाड जाळी घेतली,
करंगळी अडकेल अशी.
कोंबडं झाकायचं तर नीट झाकायचं.
तांबडं आपलं आपण बघून घेईल.

चर खणायला गेलो तर वीतभर खाली दगड.
पहारीची झिणझिणी खांद्यापर्यंत चढली.
शेजारच्या इवनची टॅम्सिन
खांब धरायला आली होती. म्हणाली,
खणता कशाला? पसरा.
जाळीचा घोळ बाहेरच्या अंगाला
हातभर जमिनीवर अंथरा, वर गवत येऊ द्या.
उकरणारा भिंतीला चिकटून उकरतो,
दोन पावलं मागे सरून
विचार करत नाही.
सोळा वर्षांची पोर.
मी पहार ठेवून दिली.

चार रविवार गेले, त्यातले दोन पावसात.
छप्पर झालं. कडी झाली.
पहिल्या कडीवर विश्वास नाही म्हणून दुसरी कडी.
मग कळलं की हातगाडी दारातून जात नाही.
दोन बोटांनी अडते.
मापं घेतली त्या दिवशी ती इवनकडे होती.
ग्वेंडा एवढी हसली
की तिघी कोपऱ्यात जाऊन दाटीनं उभ्या राहिल्या.
खत अजून बादलीनंच निघतं.

काल पहाटे गवतावर दव गोठलं होतं
आणि त्यात ठसे.
कुंपणाखालून आलेले,
जाळीभोवती एक पुरा फेरा,
दाराशी जरा घुटमळ,
नाशपातीखाली एक लेंडी, निषेधाची असावी,
आणि पुन्हा कुंपण.
आत तिघी, मोजून तिघी,
फळीवर माना आखडून बसलेल्या.
अंडं एकच. गरम.

ग्वेंडाला फोन लावला.
होबार्टला, इस्पितळात,
नवा खुबा बसवून तिचा तिसरा दिवस.
ठशांचं सांगितलं. फेऱ्याचं सांगितलं.
लेंडीचंही सांगितलं.
तिकडे बराच वेळ कुठल्याशा यंत्राची टिकटिक.
"पाण्यावरचं बर्फ फोडलंस?"
फोडलं.
"बर्था खाते?"
खाते.
"दाराशी वाकतोस ना?"

मी कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.
आज वाकलो, म्हणालो.